चौदा बूथप्रमुख

ब्रॅनिक, नेब्रास्का
१९ नोव्हेंबर

प्रिय डार्ला,

अनेक आशीर्वाद. तू वॉशिंग्टनला सुखरूप पोचलीस हे कळलं. डेन्व्हरला विमान चार तास रखडलं म्हणतेस. तुझी आई असती तर म्हणाली असती, "म्हणूनच मी कुठं जात नाही."

इकडचं सगळं मार्गी लागलंय. चर्चमधल्या बायकांनी तुमच्या घरातला फ्रिज रिकामा केला आणि उरलेलं हॅम वाटून टाकलं. दालचिनीचे रोल पुष्कळ उरले होते, ते मी दुकानात ठेवले. गिऱ्हाइकांनी दोन दिवसांत संपवले. ती हिरवी जेली मात्र कुणी चाखलीसुद्धा नाही. तिचं भांडं माझ्याकडे आहे, तळाला डोरीनचं नाव चिकटवलेलं आहे, मी पोचतं करीन. पाण्याचा नळ मुख्य ठिकाणी बंद केलाय, नाहीतर थंडीत पाइप फुटतील. मांजर माझ्या दुकानात आलंय आणि केस वाळवायच्या यंत्राखाली झोपतं. आईसारखंच, तीही त्या यंत्राखाली बसली की पाचव्या मिनिटाला घोरायची.

आईचे केस छान दिसत होते, असं तू म्हणालीस. अगं, एकतीस वर्षं दर शुक्रवारी दहा वाजता तिचे केस मी बसवले, शेवटचे दुसऱ्या कुणाला बसवू दिले असते का? अंत्यविधीवाल्यांनी मला अर्धा तास दिला होता, मी सव्वा तास घेतला. डोक्याच्या उजव्या बाजूला तिला एक भोवरा होता. तो कधी म्हणून माझं ऐकायचा नाही. त्या दिवशी ऐकला.

निवडणुकीचं तुला काय सांगू, तू पक्षाच्या मुख्य कार्यालयातच बसतेस. राज्यात आपला पक्ष पडला. काउंटीत पडायलासुद्धा उभं कुणी नव्हतं. मतदानाच्या दिवशी मी काउंटी अध्यक्ष म्हणून नेहमीप्रमाणे शाळेच्या दारात गळ्यात बिल्ला घालून उभी राहिले. लोकांनी नेहमीप्रमाणे हवामानाची चौकशी केली. तुझी आई तेव्हा दवाखान्यात होती.

चर्चच्या तळघरात, जिन्यापाशी, तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "मावशी, आई शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाली होती का गं? पक्षाकडून बाबांना फोन आला, असं मला सांगत होती." मी म्हणाले, "वय झालं होतं गं तिचं." तू मान हलवलीस. मग कुणीतरी कॉफी विचारायला आलं.

तिथं एवढ्या माणसांत काय बोलणार. असो.

तब्येतीला जप. जेवणाच्या वेळा पाळ. तुमच्या त्या नकाशावर आमची काउंटी अजून हिरवी आहे का? उगीच विचारलं.

तुझी,
मार्डेल मावशी


ब्रॅनिक
१५ डिसेंबर

प्रिय डार्ला,

अनेक आशीर्वाद. तुझं चार पानी पत्र गुरुवारी मिळालं. तू फोन न करता लिहितेस हे बरं आहे. फोनवर मला धड रडता येत नाही आणि धड गप्पही बसता येत नाही.

त्या शनिवारी नेमकं काय झालं ते सविस्तर लिही म्हणतेस. मला जेवढं कळलं तेवढं सांगते.

निवडणुकीच्या आधीचा शनिवार. सकाळी धुकं होतं, मग बारीक पाऊस सुरू झाला आणि दुपारपासून तो पडता पडताच गोठायला लागला. अशा दिवशी इथली कुत्रीसुद्धा अंगणात जायला कुरकुरतात. तुझी आई साडेअकराला गाडी घेऊन निघाली. डोक्यावर तुझ्या बाबांची, व्हर्लिनची, बियाणेवाल्यांनी दिलेली टोपी. काखेत त्याचाच क्लिपबोर्ड आणि त्यावर त्याच्याच अक्षरातली जुनी यादी. नववा बूथ, बारा घरं. तुझ्या बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांचा नियम तुला आठवत असेल. लहानपणी तूच त्यांच्याबरोबर फिरायचीस. घर रिकामं आहे हे माहीत असलं तरी दार वाजवायचं, आणि वाजवल्याशिवाय यादीवर खूण करायची नाही. "बसल्या जागेवरून खुणा करणारी माणसं वॉशिंग्टनला असतात," असं म्हणायचे. तू तिथं नोकरीला लागलीस तेव्हा हेच वाक्य त्यांनी गिळून टाकलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

त्या बारा घरांतली पाच आता बंद आहेत. तुझ्या आईने पाचही दारं वाजवली. शेवटचं म्हाताऱ्या ओटचं घर. तो मुलाकडे टेक्ससला गेला त्याला चार वर्षं होतील. ओसरीच्या पायऱ्यांचं लाकूड कुजलेलं, वर बर्फाचा पापुद्रा. ती परत फिरली आणि पाय निसटला. तेव्हा तीन वाजले असतील, असं तिनंच नंतर सांगितलं. पावणेपाचला रॉजर बीम मक्याचा ट्रक घेऊन तिथून चालला होता, त्याला तिची गाडी दिसली. त्यानं आपला कोट तिच्यावर घातला. तर ती म्हणते, "रॉजर, माझ्या केसांची वाट लागली असेल ना रे? कालच बसवले होते."

रुग्णवाहिका अठ्ठावन्न मैलांवरून आली. एक तास दहा मिनिटं. रॉजर तिच्याशेजारी त्या बर्फात बसून होता.

आपली स्वतःची रुग्णवाहिका होती गं. शाळेच्या मागच्या शेडमध्ये उभी असायची. तीन वर्षांपूर्वी काउंटी मंडळानं ती बंद केली. मंडळावर पाच जण, पाचही समोरच्या पक्षाचे, पाचही बिनविरोध निवडून आलेले. आपल्या बाजूनं अर्ज भरायला दहा वर्षांत मला एक माणूस मिळाला नाही. त्या सभेत मी उठून बोलले होते. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "मार्डेल, एवढा कळवळा आहे तर पुढच्या वेळी उभी राहा की." सगळे हसले. तसा तो वाईट माणूस नाही, त्याच्या बायकोचे केस मीच कापते. पण समोर कुणी नसलं की चांगल्या माणसालाही ऐकून घ्यायची सवय राहत नाही.

मला संताप येतो. तुमची पोरं येतात ती ओमाहापर्यंत, आणि ओमाहा आमच्यापासून चारशे मैल. तिथं सप्टेंबरात भाड्याचं कार्यालय उघडायचं, भिंतींवर कागद चिकटवायचे आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवशी कुलूप लावून जायचं. वरातीमागून घोडं म्हणतात, तसं तरी यावं. आमच्याकडे वरातही नाही आणि घोडंही नाही. दर चार वर्षांनी टीव्हीवर कोणीतरी हात हलवतं, त्याला आम्ही पक्ष म्हणायचं.

हे सगळं तुला ऐकवायला नको होतं. तुझी आई गेली आहे आणि मी भाषण करते आहे.

यादी तिला कुणी दिली, असं विचारलंस. कुणी नाही. स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या खणात होती, बाबांच्या वस्तूंत. ती का निघाली, हेही विचारलंस. आदल्या दिवशी ती केसांना आली होती. नेहमीसारखीच होती. तिनं मला मांजराबद्दल सांगितलं आणि डोरीनच्या गुडघ्याबद्दल सांगितलं.

आणखीही काही बोललो असू. आता बारीकसारीक आठवत नाही.

नाताळला तू येणार नाहीस हे समजलं. आईशिवाय त्या घरात तुला नको वाटत असेल. मी कोलाचे भाजून पाठवते आहे, जर्दाळूचा मुरंबा भरलेले वेगळ्या डब्यात आहेत.

तुझी,
मार्डेल मावशी


ब्रॅनिक
६ जानेवारी

प्रिय डार्ला,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. पत्र वाचून झाल्यावर तुला हवेसे वाटले तर घे.

तुझं चार ओळींचं पत्र परवा आलं. एकवीस तारखेला तू मेंदूच्या डॉक्टरांकडे तपासणीला जाणार. आईला जे झालं ते तुझ्यातही उतरलंय का, हे बघायला. किल्ल्या विसरतेस, माणसांची नावं ऐन वेळी सुचत नाहीत. सप्टेंबरात आईने बोलावलं तेव्हा आली असतीस तर तिचं बिघडलेलं तुझ्या लक्षात आलं असतं, तिची गाडी काढून घेतली असती, ती आज जिवंत असती, असं तुला वाटतं. आणि म्हणून नोकरी सोडते आहेस.

पोरी, तुझ्या आईला काहीही झालेलं नव्हतं. तिचं डोकं तुझ्यामाझ्यापेक्षा ठिकाणावर होतं. पक्षाचा फोन खरोखरच आला होता.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आता सगळं सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा सुरू करायचं धैर्य व्हायचं नाही.

शुक्रवारी, म्हणजे ती पडली त्याच्या आदल्या दिवशी, दहा वाजता ती आली. बसली. मी रोलर लावायला घेतले. आरशात बघत मला म्हणाली, "मार्डेल, काल आमच्याकडे पक्षाचा फोन आला होता."

"तुझ्याकडे?"

"व्हर्लिनला. कॅलिफोर्नियाहून कुणी मुलगी बोलत होती. 'व्हर्लिन नोवोट्नी आहेत का? नवव्या बूथचे प्रमुख ना ते? शनिवारी शेवटची फेरी आहे, आम्ही त्यांच्यावर भरवसा ठेवून आहोत,' म्हणाली."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी सांगितलंच नाही गं तिला. इतकी गोड बोलत होती. सहा वर्षांत कुणी त्याचं नाव असं, जिवंत माणसाचं घ्यावं तसं, घेतलं नव्हतं. मी म्हटलं, होईल हो फेरी. माझा समज होता की त्याला सगळे विसरले. पक्ष विसरला नाही बघ."

मग म्हणाली, "उद्या मी जाणार आहे त्याच्या बदली. जरा घट्ट बसव, वारा असतो तिकडे."

डार्ला, पक्षाला काही आठवत नव्हतं. ते नाव यादीत होतं, कारण मी ते काढलं नव्हतं.

तेव्हा मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. "अर्लिस, ती माझी लबाडी आहे, घरी बस." माझ्या हातात कंगवा होता, ओठांत दोन पिना होत्या. मी पिना तोंडातून काढल्या आणि म्हणाले, "छान झालं." आणि तिचे केस घट्ट बसवले.

आता यादीचं सांगते. आमच्या काउंटीत चौदा बूथ. दर दोन वर्षांनी जानेवारीत काउंटी अध्यक्षानं चौदा बूथप्रमुखांची नावं राज्य शाखेला कळवायची आणि तिथून ती तुमच्याकडे जायची. चौदा वर्षांपूर्वी मी अध्यक्ष झाले तेव्हा सहा ओळी रिकाम्या होत्या आणि मी त्या प्रामाणिकपणे रिकाम्या पाठवल्या. सोबत पत्र लिहिलं, की एका उन्हाळ्यापुरता एक माणूस द्या, माझ्याबरोबर दारोदार फिरायला, मी माणसं उभी करते. उत्तर आलं की जिथं संघटनाच नाही अशा काउंटीवर ताकद खर्च करणं पक्षाला परवडत नाही, जिंकण्याजोग्या जागांना प्राधान्य आहे. तेव्हा मी स्वतःच फिरले. तुझे बाबा माझ्याबरोबर फिरले. दोन वर्षांत आम्ही सहाच्या सहा ओळी भरल्या, खऱ्या माणसांनी. मी पुन्हा पत्र लिहिलं. उत्तर आलं की तुमची काउंटी उत्तम चालली आहे, अभिनंदन, जिथं संघटना नाही तिथं आम्हाला आधी लक्ष द्यायचंय. सोबत एक प्रशस्तिपत्र होतं. दुकानात आरशाच्या वर लावलेलं तू पाहिलं आहेस.

तिसऱ्या बूथचा गस एलर्स गेला तो यादी पाठवायच्याच आठवड्यात. त्याच्या दफनाला जाऊन आले आणि त्याचं नाव तसंच पाठवलं. मनाशी म्हटलं, उन्हाळ्यात कुणी मिळालं की बदलू. कुणी मिळालं नाही. कुणी विचारलंही नाही. मग पुढच्या खेपेला दोघं, त्याच्या पुढे चौघं. मेलेली माणसं राजीनामा देत नाहीत, बैठकीला का आला नाहीत म्हणून त्यांना जाब विचारता येत नाही, आणि यादीत ती जिवंतांपेक्षा नीट बसतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपली मूठ झाकलेली राहिली तर निदान काउंटीची लाज तरी राहील, असं मला वाटायचं. शेवटची यादी मी दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत पाठवली, तेव्हा चौदांपैकी नऊ जण दफनभूमीत होते. दोघं ॲरिझोनाला राहायला गेले होते. एक जण समोरच्या पक्षात गेला होता आणि मला रोज दुकानासमोर भेटत होता. उरलो मी आणि वेंडेल, आणि वेंडेलला ऐकू येत नाही.

आणि कुणालाही कळलं नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलंय. मी एवढी हुशार नाही, डार्ला. एखाद्या पोरानं चौदा फोन केले असते तर दुसऱ्या फोनला माझं बिंग फुटलं असतं. सहा वर्षांत व्हर्लिनसाठी पहिला फोन आला तो त्याच्याकडून काम हवं होतं तेव्हा.

तू दोन उन्हाळ्यांमागे आली होतीस, आठवतं? दुकानात खुर्चीवर बसून तुझ्या मोबाइलवर मला नकाशा दाखवलास. "मावशी, बघ ना, पश्चिमेच्या अख्ख्या पट्ट्यात एकटी आपली काउंटी हिरवी, सगळे बूथप्रमुख जागेवर! तुझ्यामुळे. बाकीच्यांकडे माणसं पाठवायला लागतात. तुमच्याकडे नुसते फोन केले तरी चालतं." तुझा चेहरा नुसता फुलला होता. मी उठून सरबत करायला आत गेले, कारण मला तुझ्यासमोर उभं राहवेना. बाहेर आले तेव्हा तू तो नकाशा आईलाही दाखवत होतीस, आणि आई मला म्हणाली, "मार्डेल, एवढं करतेस आणि कधी बोलत नाहीस!"

तू रंग पाहिलास. नावं उघडली असतीस तर नवव्या ओळीत तुला तुझे बाबा दिसले असते.

हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाही, असं लिहिणार होते. पण खोटं पुरे झालं. थोडा दोष द्यायलाच लिहिते आहे. उरलेला सगळा माझा आहे, आणि तो मोठा आहे.

दवाखान्यात मी नऊ दिवसांत तीनदा गेले. दुसऱ्या खेपेला तिला बरं वाटत होतं. मला म्हणाली, "त्या मुलीला कळव हं, की नववा बूथ झाला. व्हर्लिनचं नाव राहिलं पाहिजे." मी हो म्हणाले. तेव्हाही सांगता आलं असतं. पण ती इतकी समाधानी होती की मला वाटलं, आता हे सांगणं म्हणजे स्वतःचं ओझं उतरवण्यासाठी तिच्या उशाला नेऊन ठेवणं. हे खरं कारण होतं की भित्रेपणाला दिलेलं गोंडस नाव, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. मग ती गेली. मग अंत्यविधीवाल्यांच्या त्या खोलीत मी सव्वा तास तिच्याशी बोलत होते. सगळं सांगितलं तिला, अगदी गस एलर्सपासून. म्हणून वेळ लागला. केसांना अर्धा तासच लागतो.

आणि त्याच दिवशी, जिन्यापाशी, तू विचारलंस आणि मी तिला भ्रमिष्ट ठरवलं. जिचं जगात एकदाही काही चुकलं नाही, किराणा सामानाची यादीसुद्धा जिला लिहावी लागत नसे, तिला. माझी अब्रू राहावी म्हणून. याची क्षमा मी मागत नाही, कारण ती द्यायला जी हवी ती नाही, आणि तिच्या वतीने तू द्यावीस असं मला वाटत नाही.

तेव्हा त्या डॉक्टरांकडे जाऊ नकोस. किल्ल्या मीही विसरते, आणि मला कसलाही आजार नाही. पन्नाशी आणि आई जाणं, एवढंच तुला झालंय. सप्टेंबरात आली असतीस तर तुला तुझी आई ठणठणीत दिसली असती, तू गाडी काढून घेतली नसतीस, आणि पुढचं सगळं जसं झालं तसंच झालं असतं. तिला थांबवू शकणारी एकच बाई होती. ती तू नव्हेस.

नोकरीचं तू बघ. पण सोडण्याआधी एक काम कर. तुमच्या नकाशावरच्या हिरव्या काउंट्या एकेक करून उघड आणि नावं वाच. मग फोन लाव. माणसं आहेत का विचार, काम कधी करणार ते विचारू नकोस. असं करणारी मी एकटीच असेन, असं मला वाटत नाही. देशभर कितीतरी म्हातारे अध्यक्ष माझ्यासारखे मूठ झाकून बसले असतील आणि तुम्ही त्या मुठींवर हिशेब मांडत असाल. नाहीतर मेलेल्या नवऱ्याच्या नावानं आलेला फोन पुन्हा कुणी विधवा उचलेल.

या पाकिटात तुझ्या बाबांची यादी घातली आहे, आईनं नेलेली. रॉजरने ती मला दिली, मी अध्यक्ष म्हणून. मी ती रोलरच्या खणात तळाशी लपवून ठेवली होती. पाण्यानं शाई थोडी पसरलीय. बारा घरं आहेत आणि बारा खुणा आहेत. ओटच्या घरापुढचीसुद्धा. म्हणजे तिनं दार वाजवलं, थांबली, खूण केली आणि मगच वळली.

दुसरा कागद या वर्षीची यादी. आज सकाळी राज्य शाखेला पाठवली, ही तिची नक्कल. आधी वेंडेलकडे गेले होते. त्याच्या कानाशी ओरडून विचारलं, "तुझं नाव ठेवू का?" तर म्हणाला, "कोण गेलं?" ठेवलंय. माझं खोडलंय, अध्यक्षपदही सोडलंय. त्या राजीनाम्याचा कागद एकाच ओळीचा असतो, मला वाटलं होतं मोठा असेल. बाकीच्या ओळी एकेक करून रिकाम्या केल्या.

नवव्या ओळीपाशी थांबले. या काउंटीत गेल्या कित्येक वर्षांत पूर्ण झालेला तो एकच बूथ, आणि तो पूर्ण करणारीचं नाव कुठल्याही कागदावर नाही. तिचं नाव तिथं लिहावं, असं मला फार, फार वाटलं. पहिलं अक्षर लिहिलंसुद्धा. मग खोडलं. नक्कल नीट पाहिलीस तर तुला दिसेल ते. मेलेल्या माणसांची नावं मी पुष्कळ लिहिली, आणि अर्लिसला मी त्या यादीत ठेवणार नाही.

ती ओळ रिकामी आहे, डार्ला. ती खरोखर रिकामी आहे, आणि आता तुम्हाला तिकडे ती तशीच दिसेल.

मांजर तुला हवं असेल तर कळव, मी डेन्व्हरपर्यंत आणून देईन. या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी मला समजेल. शुक्रवारी दहाची वेळ मी अजून कुणाला दिलेली नाही, देणारही नाही. त्या वेळात मी त्या रिकाम्या खुर्चीमागे उभी असते.

तुझ्या आईची शुक्रवारची मैत्रीण,
मार्डेल